गणित इथे, गंज तिथे

२ एप्रिल २०२५ रोजी नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीशी सहा मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचा करार केला. खर्च २७० कोटी रुपये, त्यातला ७० टक्के वाटा केंद्र सरकारचा. इंजिनाचा निम्म्याहून अधिक भाग देशी हवा आणि जोडीला तीन ते दहा मेगावॉटपर्यंतच्या इंजिनांचे तपशीलवार आराखडेही हवेत. एवढ्या ताकदीची इंजिने आजवर बहुतांशी परदेशी कंपन्यांकडूनच घ्यावी लागत, तेव्हा ही बातमी मोठीच. ‘आत्मनिर्भर’ हा शब्द रीतीप्रमाणे सगळीकडे छापून आला आणि विषय संपला. पण इंजिन घडवणे ही एक विद्या आणि ते आतून कसे झिजते हे आधी ओळखणे ही दुसरी. पहिली किर्लोस्करांच्या खडकीला १९४६ पासून ठाऊक आहे. दुसरीला लागणारे गणित हिंजवडीच्या अभियांत्रिकी कंपन्यांत आहे. या दोन्हींची गाठ घालून देण्याची घाई मात्र कुणाला दिसत नाही.

झिजेची गोष्ट गंधकापासून सुरू होते. जहाजाच्या इंधनात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यातला थोडा भाग, दोन-चार टक्के, कधी त्याहून जास्त, आणखी ऑक्सिजन घेऊन ट्रायऑक्साइड होतो. त्याला पाण्याची वाफ भेटली की सल्फ्युरिक आम्ल तयार! वायुरूपात असेतो ते निमूटपणे धुराड्यातून निघून जाते. पण सिलिंडरची भिंत, म्हणजे लायनर, पुरेशी गरम नसेल तर तिच्यावर आम्लाचे दव धरते. धुराड्यातल्या साध्या दाबाला हे दव सव्वाशे-दीडशे अंश सेल्सिअसला धरते; सिलिंडरमध्ये दाब दीडशे बारच्या पुढे जातो, तिथे ते दोनशे अंशांच्या वरही धरू शकते. म्हणजे हाताला चटका देणारी भिंतसुद्धा आम्लाच्या लेखी थंडच. म्हणून जहाजावरची मंडळी या दुखण्याला ‘कोल्ड कोरोजन’ म्हणतात.

यावर उपाय म्हणून सिलिंडरमध्ये सोडायच्या तेलातच अल्कली घालतात. मुख्यत्वे अतिसूक्ष्म कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडीच. तेलाची आम्ल मारण्याची ताकद ‘बीएन’ या आकड्याने मोजतात. हा सामना किती अटीतटीचा असतो, याचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. दहा मेगावॉटचे मंदगती इंजिन दिवसाला सुमारे ४० टन इंधन खाते. गंधक अर्धा टक्का धरले तर ते दिवसाला २०० किलोच्या आसपास भरते. त्यातले तीन टक्के ट्रायऑक्साइड झाले तर आम्ल होते १८ ते १९ किलो. दर किलोवॉट-तासाला पाऊण-एक ग्रॅम तेल घातले तर दिवसाला १९० किलोच्या आसपास तेल जाते. ते ४० बीएनचे असेल तर जेमतेम सात किलो आम्ल मारू शकते. तरीही इंजिन टिकते, कारण बहुतेक आम्ल भिंतीला न शिवताच बाहेर पडते. खरा प्रश्न एवढाच उरतो: भिंतीवर किती बसते? आणि तीन टक्क्यांच्या जागी पाच धरले तर हाच हिशेब ३१ किलोंवर जातो.

मग तेल वाढवावे, असे कुणीही म्हणेल. पण न वापरलेले कॅल्शियम पिस्टनच्या माथ्यावर कडक थर होऊन बसते आणि लायनर खरवडते. आम्ल अगदीच नाहीसे केले तरी चालत नाही. बिडाच्या लायनरला थोडी झीज हवीच असते, एरवी त्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो आणि त्यावर तेल ठरत नाही. गंज नको आणि थोडा गंज तर हवाच, या पेचातून वाट काढायची म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. त्यासाठीच सिलिंडरमधल्या ज्वलनाचे, गंधकाच्या ऑक्सिडीकरणाचे आणि भिंतीवरच्या दवाचे गणिती प्रारूप लागते.

हे प्रारूप सोपे नाही. रसायनशास्त्राचा समतोल सांगतो की तापमान उतरले की ट्रायऑक्साइड वाढायला हवा. पण उतरत्या तापमानात अभिक्रियेचा वेगही मंदावतो, आणि पिस्टन खाली येताना सारे इतक्या झपाट्याने थंड होते की समतोल गाठायला सवडच मिळत नाही. म्हणून नुसता समतोल धरला की उत्तर चुकते. अभिक्रियांचे वेग एकेक करून मांडावे लागतात. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील संशोधक आणि जहाजांची इंजिने घडवणाऱ्या मॅन कंपनीचे अभियंते यांनी अशी प्रारूपे बांधली. त्यांना ती बांधता आली, याचे एक कारण त्यांच्याच अंगणात आहे. कोपनहेगनमध्ये या कंपनीचे चार सिलिंडरचे, ५० सेंटिमीटर बोअरचे इंजिन केवळ प्रयोगांसाठी उभे आहे. गणिताने सांगितलेले इंजिनात ताडून पाहायचे, चुकले तर गणित सुधारायचे, असा तो शिरस्ता.

आता आपल्याकडे पाहू. टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी यांची मुख्यालये हिंजवडीत आहेत. जगभरच्या वाहन कंपन्यांसाठी अभियांत्रिकीचे काम करणारी तरुण मंडळी तिथे हजारोंनी आहेत. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ घडवणारी सी-डॅक पुण्याचीच. आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे, समुद्रापासून इतक्या आत, डोंगरापलीकडे सागरी अभियंते घडवणारी. या सगळ्या जागा एकमेकींपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. वाकडचा चौक मोकळा मिळाला तर! उणीव आहे ती मोजमापांची.

मोजमाप म्हणजे तरी काय? जहाजावरचा ज्युनिअर इंजिनिअर सिलिंडरच्या तळाशी साचणाऱ्या वापरलेल्या तेलाच्या नळाखाली बाटली धरतो. ते काळेकुट्ट तेल तपासून दोन आकडे काढतात: लोखंड किती आणि बीएन किती उरला. लोखंड वाढले, बीएन घटला, म्हणजे आम्ल लायनर खाते आहे. बंदरात इंजिन थांबले की हवेच्या झरोक्यांतून बॅटरी मारून रिंगा आणि लायनर डोळ्यांनी पाहायचे. ही नोंद जहाजमालकाकडे जाते, तेल कंपनीकडे जाते, इंजिन कंपनीकडे जाते. हिंजवडीत गणित करणाऱ्याच्या टेबलावर ती येत नाही.

यावर जाणकार म्हणतील, गंधकाचा प्रश्न आता राहिलाच कुठे? १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आली आणि नौदल तर स्वच्छ डिझेल वापरते. म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. त्याच वर्षी १ एप्रिलपासून रस्त्यावरच्या गाड्यांना जे डिझेल मिळू लागले त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग असते, ०.५० टक्का म्हणजे दहा लाखांत पाच हजार. सागरी इंधन अजून पाचशे पट गंधकाचे आहे. शिवाय धूर धुणारे स्क्रबर बसवलेल्या जहाजांना जुने, ३.५० टक्क्यांचे इंधन जाळायची मुभा आहेच. स्क्रबर धुराड्यात असतो. लायनरला त्याचा काही उपयोग नाही. आणि २००८ च्या मंदीनंतर इंधन वाचवण्यासाठी जहाजे हळू चालवण्याची जी सवय लागली, तिने लायनर आणखी थंड करून ठेवले.

त्यात हवा आपली. जुलैत मुंबईच्या किनाऱ्यावर इंजिन जी हवा ओढते ती बाष्पाने जड असते. ती दाबून थंड केली की मोठ्या इंजिनात दिवसाला टनांनी पाणी निघते. ते नीट गाळले गेले नाही तर सिलिंडरमध्ये जाऊन आम्लाला हातभार लावते. कोपनहेगनच्या हवेत ताडलेले गणित इथे जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरणे परवडणारे नाही. उद्या आपली इंजिने व्यापारी जहाजांवर विकायची असतील, तर गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारील ते हेच: तुमचा लायनर हजार तासांत किती झिजतो?

याचे उत्तर परदेशातून परवान्यावर मिळत नाही. नौदलाच्या इंजिनाच्या चाचण्या होतील तेव्हा लायनरची झीज, तेलातले लोखंड, हवेतली आर्द्रता यांच्या गोपनीय नसलेल्या नोंदी पुण्यातील संशोधन संस्थांना खुल्या कराव्यात. शिपिंग कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी. तिने जहाजांची नावे गाळून तेल-तपासणीचे जुने अहवाल द्यावेत. इंदोरीच्या विद्यार्थ्यांना या कामाला जोडून घ्यावे. उद्या बाटली तेच धरणार आहेत. ज्या प्रकल्पात सरकारचे ७० टक्के पैसे आहेत, त्यात एवढी अट घालायला नवा कायदा लागत नाही. संरक्षण मंत्रालयाने ती घालावी, आणि पहिले इंजिन चाचणीला उभे राहण्याच्या आधी घालावी.