किडनीसाठी 'अँटी-इन्फ्लेमेटरी' औषध? गुगल करण्याआधी हे वाचा

'मधुमेहींच्या किडनीतली सूज कमी करणारं नवं औषध' अशा रील्स तुमच्याही फीडमध्ये आल्या असतील. बातमी खोटी नाही. गोंधळ पुढे होतो. त्यातला 'अँटी-इन्फ्लेमेटरी' हा शब्द उचलून सर्च केलं की समोर येतात आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, म्हणजे आपल्या घरातल्या पेनकिलर. शुगर असलेल्या बाबांना किडनीसाठी म्हणून या गोळ्या दिल्या, तर होईल ते नुकसानच.

किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या मोकळ्या ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं मदत करतात. पेनकिलर नेमकी तीच बंद पाडतात. दुखणं थांबतं, पण आधीच थकलेल्या किडनीचा रक्तपुरवठाही घटतो. त्यात बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. (आपल्याकडची गिधाडं आठवा. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. म्हणून 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं.)

मधुमेहातली किडनीची सूज वेगळी असते. ती दुखत नाही, दिसत नाही. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेमुळे किडनीतल्या पेशी धोक्याचे संदेश सोडत राहतात, रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि हळूहळू गाळणीच्या जागी व्रण तयार होतात. हा सिलसिला तोडायचा प्रयत्न बरीच वर्षं चालू आहे, आणि त्यातला एक अनुभव फार महागात पडला.

बार्डोक्सोलोन नावाच्या औषधाने किडनीचा स्कोअर, म्हणजे ईजीएफआर, चक्क वाढायचा. एरवी हा आकडा फक्त खाली जाताना दिसतो, त्यामुळे उत्साह प्रचंड होता. मग टाइप 2 मधुमेह आणि किडनीचा गंभीर आजार असलेल्या 2,185 जणांवर मोठी चाचणी झाली. ईजीएफआर तिथेही वाढला. पण हार्ट फेल्युअरमुळे हॉस्पिटलात भरती झालेले किंवा दगावलेले लोक औषधाच्या गटात 96 निघाले, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 55. ऑक्टोबर 2012 मध्ये चाचणी थांबवावी लागली. बेंचमार्कमध्ये फोन अव्वल, पण हातात घेतला तर तापतोय, तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे माणसं होती.

म्हणूनच आज ज्याची चर्चा आहे त्या फिनेरेनोनकडे मी नुसता आकडा म्हणून बघत नाही. शरीरात मीठ-पाणी सांभाळणारा एक रिसेप्टर मधुमेहात जास्तच कामाला लागतो आणि सूज व व्रण वाढवतो. ही गोळी त्याला अडवते. 2020 साली आलेल्या 5,674 रुग्णांच्या चाचणीत किडनी निकामी होणं, ईजीएफआर 40 टक्के किंवा जास्त घसरणं किंवा किडनीच्या आजाराने मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलेले फिनेरेनोन घेणाऱ्यांत 17.8 टक्के होते, न घेणाऱ्यांत 21.1 टक्के. फरक खरा आहे, पण जादू नाही. शिवाय रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. आणि हा फायदा सूज कमी झाल्यामुळेच झाला, असं त्या चाचणीने सिद्ध केलेलं नाही. रीलवाले तेवढं गाळतात.

जून 2025 मध्ये पुढचा टप्पा आला. फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन (जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी गोळी) एकदम सुरू केल्या, तर लघवीतलं अल्ब्युमिन सहा महिन्यांत निम्म्यावर आलं. एकेकट्या गोळीपेक्षा ही घट साधारण 30 टक्क्यांनी जास्त. अल्ब्युमिन हाही शेवटी आकडाच, पण दोन्ही गोळ्यांनी वेगवेगळ्या चाचण्यांत किडनी वाचवून दाखवली आहे, म्हणून यावर भरवसा ठेवायला जागा आहे. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची रांग लागली. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत हे धरलं, तर मला ही बातमी नव्या औषधाइतकीच मोठी वाटते.

घरात कुणाला शुगर असेल तर रिपोर्टच्या पीडीएफमध्ये दोन गोष्टी शोधा: ईजीएफआर आणि लघवीचा 'यूएसीआर'. पहिला 60 च्या खाली किंवा दुसरा 30 च्या वर तीन महिन्यांनंतरही कायम असेल, तर तो पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न टाकता डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच फाइल्समध्ये क्रिएटिनिन असतं, यूएसीआर केलेलाच नसतो. तो मागून घ्या, लघवीच्या एका नमुन्यात होतो.