तोडणारा कोण, वाढविणारा कोण?

दिवा स्थानकावरून खाडीच्या रोखाने चालू लागले म्हणजे रूळ, चाळी आणि इमारती यांच्या दाटीतून अजूनही तिवरांची हिरवी किनार मधूनमधून दृष्टीस पडते. ती वर्षागणिक आकसत आहे, हे दिवेकरांस आम्ही सांगावयास नको. प्रथम कोयता चालतो, मागाहून राडारोड्याचा भराव पडतो आणि पुढे त्याच जागी जोते उभे राहते. स्वस्तात घर मिळाले म्हणून संसारी मनुष्यास आनंद होतो. परंतु भरती व मुसळधार पाऊस यांची गाठ पडली की जे पाणी पूर्वी तिवरांत पसरत असे तेच त्याच्या उंबऱ्याशी येते. झाड कोणी तोडले याची चौकशी निदान कागदावर तरी होते. त्या जागी पुन्हा झाड कोणी वाढवावयाचे, हे मात्र कोणीच कोणास विचारीत नाही. आज आम्ही हाच प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहो.

झाडास कुऱ्हाड लावणेच मुळी पाप, असे आमचे मत नाही. घरास तुळई हवी, चुलीस सरपण हवे, आणि लाकडाचा व्यापार करणारा गृहस्थ समाजाची सेवाच करितो. परंतु तोडीसही शास्त्र आहे. सागाचे झाड धारदार कुऱ्हाडीने जमिनीलगत, उतरता घाव घालून तोडले म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही, तो कुजत नाही, आणि त्याच मुळावर जोमदार धुमारे फुटतात. म्हणून जंगलाचे कूप पाडून एका भागाची तोड झाली की तेथे गुरे व वणवा येऊ न देता तो भाग वाढू द्यावयाचा, अशी पद्धत पडली. ठाणे जिल्ह्यातील शेतकरी भाताच्या राबासाठी फांद्या छाटीत, त्यातही मूळ वृक्ष राखण्याचाच विचार होता. सरकारच्या जंगल खात्याने ह्या वहिवाटीवर निर्बंध आणिले तेव्हा एवढा असंतोष माजला की, १८८५ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीकरिता सरकारास एक कमिशन नेमावे लागले. रयतेचे भांडण झाड तोडण्यापुरते नव्हते. ज्या झाडावर पुढील वर्षीचा राब अवलंबून, त्यावरील हक्काचे ते भांडण होते.

खाडीकाठचा न्याय याहून कडक आहे. तिवर तोडली तर तिच्या खुंटास पुन्हा फूट येऊ शकते. परंतु कांदळाचे खोड खाली छाटले म्हणजे बहुधा ते झाड संपलेच. दोहोंसही भरती-ओहोटीचे पाणी अवश्य आहे. तिवरेची श्वासमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांवर भराव पडला की कुऱ्हाड न लाविताही झाड गुदमरून मरते. उलट, पाण्याची वाट मोकळी ठेविली तर भरतीबरोबर आलेले बी आपण होऊन रुजते.

आता हत्यारांकडे पाहा. कुऱ्हाडीने किंवा दोघांनी ओढावयाच्या करवतीने मोठा वृक्ष पाडण्यास जेथे बराच वेळ व घाम लागे, तेथे यांत्रिक करवतीस काही मिनिटे पुरतात. वृक्षाच्या वाढीचा वेग मात्र होता तोच आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे येथील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यंत्रे सुरू झाली. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे भुईसपाट झाली होती. अपिलाचा हक्क कायद्यात शाबूत राहिला, परंतु ज्यासाठी अपील करावयाचे तेच उरले नाही.

कायदे नाहीत असे नाही. तिवरांचा नाश हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग होय, आणि नष्ट झालेली तिवरवने पुन्हा पूर्वस्थितीस आणणे हे सरकारचे कर्तव्य होय, असे उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट सांगितले. सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाच्या परवानगीने तोड होऊ शकते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी, जिचे ठाणे स्थानक दिव्यालगत म्हातार्डी येथे योजिले आहे, सुमारे २२,००० तिवरे तोडण्याची परवानगी २०२२ च्या डिसेंबरात मिळाली. शहरांतील वृक्षांसंबंधीच्या १९७५ च्या कायद्यास २०२१ साली दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असेही ठरले. परंतु रोप लाविले म्हणजे झाड झाले काय? पन्नास वर्षांच्या वृक्षाबद्दल पन्नास रोपे लावून फोटो काढिला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती वाळली, तर हिशेब कागदावरच पुरा होतो. स्वीडनने १९०३ सालीच तोड करणाऱ्याच्या माथी नवे जंगल उभे करण्याची जबाबदारी टाकिली. इतके दूर तरी कशास जावे? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पुढील वर्षीचे बांबू ज्यास हवे आहेत तो कोवळे कोंब तोडीत नाही. जो एकदाच तोडून निघून जाणार, त्यास त्या कोंबांचे काय होय?

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली : परवानगीचा हुकूम आणि झाडांची यादी जागेवर लावून अपिलाची मुदत संपेपर्यंत करवत चालू नये, रात्री तर मुळीच नाही. दुसरी : तोडणाऱ्याकडून भरघोस अनामत घ्यावी, आणि ती रोपे लाविल्याबद्दल नव्हे, तर पाचव्या पावसाळ्यानंतर जिवंत झाडांची मोजणी होऊन तिचा तक्ता प्रभागात जाहीर झाल्यावरच परत द्यावी. तिसरी : जेथे तिवरांवर भराव पडला तेथे प्रथम भराव काढून भरतीची वाट मोकळी करावी. डोंगरावर लाविलेले रोप खाडीच्या खात्यात जमा धरू नये.

सरकार व महापालिका यांवर सर्व भार टाकून आम्हांस मोकळे होता येणार नाही. लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्याने वाहतूक परवाना पाहिल्यावाचून माल उतरवू नये. घर घेणाऱ्याने सातबारा आणि किनारा नियमनाचा नकाशा स्वतः पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. तिवरे तोडणारा बाहेरून येत असेल, परंतु त्यास जागा दाखविणारा, डंपरास वाट देणारा आणि त्या इमारतीत गाळा विकत घेणारा आपल्यातलाच असतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्या वडिलांनी जंगलासाठी योजिली होती. दिव्याच्या खाडीवर ती आपणच खरी करून दाखवावी काय, हे वाचकांनी आपल्या मनास विचारावे.