डब्यावरचा डोंगर

आधीच सांगून टाकतो. हा लेख मक्याबद्दल नाही, आणि केसांच्या तेलातल्या माक्याबद्दलही नाही. पेरू देशात माका नावाचा एक कंद होतो, त्याच्याबद्दल आहे. जिमला जाणारी मंडळी आणि ऑनलाइन दुकानं यांच्या कृपेने हे नाव आता आपल्याकडेही पोचलंय. डब्यावर बर्फाचा डोंगर, खाली 'इंकांचं गुपित' छापाची एखादी ओळ आणि आत पिवळट पावडर.

मला त्या डोंगराबद्दल बोलायचंय.

डोंगर खोटा नाही. पेरूच्या हुनीन आणि पास्को भागात, चिंचायकोचा नावाच्या मोठ्या तळ्याभोवती, ४००० मीटरच्या वर एक पठार आहे. म्हणजे लेहपेक्षाही अर्धा किलोमीटर उंच. रात्री दहिवर गोठतं, दिवसा ऊन भाजून काढतं, वारा तर विचारूच नका. तिथे कडू बटाट्यासारखी एक-दोन पिकं सोडली तर माकाच येतो. मुळा-मोहरीच्या कुळातला, छोट्या सलगमसारखा. बर्नाबे कोबो या स्पॅनिश पाद्र्याने १६५३ साली याची नोंद केली आहे. पण तिथले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तो खात आले.

आणि हे पीक आपोआप येत नाही. चांगले कंद निवडून ते गुरांच्या वाड्यातल्या खतवलेल्या जमिनीत पुन्हा लावायचे, तेव्हा दुसऱ्या वर्षी बी मिळतं. कंद काढले की आठवडेच्या आठवडे उघड्यावर वाळवायचे, दिवसा उन्हात, रात्री गारठ्यात. नंतर ती जमीन काही वर्षं पडीक ठेवायची, कारण हे पीक मातीतलं बरंच काही ओढून घेतं. गंमत म्हणजे ज्या 'माकामाइड' द्रव्यांचं कौतुक चालतं, ती बऱ्याच अंशी या वाळवणातच तयार होतात. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी ते काम त्या अंगणात होत होतं.

आता पुढची गोष्ट ऐका. २००१ आणि २००२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कंपनीला माकाच्या अर्कावर अमेरिकन पेटंटं मिळाली. पेरूत गदारोळ झाला. २००३ मध्ये सरकारने कच्चा माका देशाबाहेर पाठवायला बंदी घातली, प्रक्रिया केलेला मालच जाऊ द्यायचा असं ठरवलं. २००४ मध्ये जैवचाचेगिरीविरुद्ध राष्ट्रीय आयोग नेमला. कागदावर सगळं चोख.

मग २०१४ उजाडलं. चिनी व्यापारी थेट पठारावर पोचले, रोख पैसे मोजून कंद उचलू लागले. भाव कित्येक पटींनी चढला. पण चीनच्या युन्नान प्रांतात त्याआधीच माकाची लागवड सुरू झाली होती, आणि २०११ मध्ये तिथल्या सरकारने माका पावडरला खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही दिली होती. युन्नानचं पीक बाजारात आलं, आणि पठारावरचा भाव जसा चढला तसाच कोसळला. ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कुरणं नांगरली, त्यांच्या हाती काय उरलं असेल, ते आपल्याकडच्या कांदेवाल्याला वेगळं सांगायला नको.

यावर दोन प्रकारचे लोक दोन प्रकारची उत्तरं देतात. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिले म्हणतात, "निर्यात होऊ द्या, बाजार शेतकऱ्याला वर काढेल." काढला की! एक वर्ष. मग खाली टाकला. ज्याच्या हातात फक्त वाळवलेला कंद आहे आणि दळण, पॅकिंग, ब्रँड, परवाना यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी निर्यात म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. कच्च्या मालावरच्या बंदीने हे बदललं नाही. मूल्यवर्धन देशात राहिलं हे खरं, पण देशात म्हणजे पठारावर नव्हे.

दुसरे म्हणतात, "पेटंट हाणून पाडा." आपल्याला हा मार्ग चांगला माहीत आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण सांगलीच्या हळदवाल्याला त्या विजयाचा किती पैसा मिळाला? एक छदामही नाही, आणि मिळणारही नव्हता. पेटंट रद्द होणं म्हणजे चोरी थांबणं. मोबदला मिळणं ही वेगळी गोष्ट. देशाचा मान राखला गेला की शेतकऱ्याचं पोट भरतं, असा आपला एक गोड गैरसमज आहे.

इथे कुणीतरी हमखास विचारेल, "अहो, बटाटाही त्याच डोंगरांतून आला. उपासाला किसून खाताना पेरूला रॉयल्टी पाठवता का?" प्रश्न रास्त आहे. नाही पाठवत, आणि पाठवावी असं मला वाटतही नाही. बियाणं फिरतंच. ते अडवू पाहणारे कायदे किती टिकतात ते युन्नानने दाखवलंच. पण बटाटा आपल्याकडे बटाटा म्हणून राहिला. आपण तो 'इंकांचं गुपित' म्हणून विकत नाही. माकाचं तसं नाही. तिथे कंदापेक्षा गोष्टच जास्त विकली जाते. औषध म्हणून पुरावा अजून तोकडाच आहे. लिमातल्या संशोधकांच्या छोट्या चाचण्यांत पुरुषांची इच्छा वाढल्याचं दिसलं, पण रक्तातलं टेस्टोस्टेरॉन काही वाढलं नाही. मग गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजतं? त्या डोंगराचे, त्या जुन्या माणसांच्या शहाणपणाचे.

माझं म्हणणं एवढंच आहे: डोंगर विकता, तर डोंगराचे पैसे द्या.

कोकणातल्या माणसाला हे पटकन कळेल. कुठलाही आंबा देवगड हापूस म्हणून पेटीत भरला जातो तेव्हा चोरी आंब्याची नसते, नावाची असते. म्हणूनच २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पेरूनेही २०११ मध्ये 'माका हुनीन-पास्को' हे उगमनाम नोंदवलं आहे. हत्यार आहे, पण नुसत्या नोंदणीने हापूसचंही रक्षण होत नाही, मग माकाचं कसं होणार? ते नाव परदेशात कायद्याने मानलं गेलं पाहिजे, आणि वाळवण, दळण, शिक्का हे सगळं पठारावरच्या उत्पादकांच्या स्वतःच्या संस्थांच्या हाती असलं पाहिजे. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या लोकांना यातले फायदे आणि यातली भानगड, दोन्ही ठाऊक आहेत. तरीही दुसरा रस्ता मला दिसत नाही.

असो. माका खायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पुढच्या वेळी असा डबा हातात आला तर मागची बारीक अक्षरं वाचा. पीक कुठलं, दळलं कुणी, हे लिहिलंय का बघा. नसेल, तर डोंगर फक्त चित्रात आहे असं समजा आणि डबा होता तिथे ठेवून द्या.