मैत्रीचे माप भीमेच्या काठी

भारत आणि ब्राझील या दोन दूरस्थ लोकशाही देशांच्या सहकार्याची भाषा गेली काही वर्षे वाढत्या उत्साहाने बोलली जात आहे. २००३ साली दक्षिण आफ्रिकेला बरोबर घेऊन या देशांनी 'इब्सा' हे व्यासपीठ उभारले. २००६ साली आपल्या संबंधांना त्यांनी धोरणात्मक भागीदारीचा दर्जा दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेच्या वेळी जैवइंधनांची जागतिक आघाडी स्थापन झाली, तीत हे दोन्ही देश अग्रभागी होते. आणि जुलै २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी ब्राझीलियाला भेट दिली तेव्हा परस्पर व्यापार वाढविण्याचे संकल्प सोडण्यात आले. दोन मोठ्या लोकशाही राष्ट्रांनी एकमेकांजवळ यावे, हे समाजवाद्यांना इष्टच वाटते. परंतु ही मैत्री कोणाची आणि कोणासाठी, हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. आणि तो विचारण्यास उजनी धरणाच्या काठाइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

उजनीकाठच्या माणसाचे जीवन ज्या उसाभोवती फिरते, त्याच उसाने या दोन देशांना पहिल्यांदा जोडले. १५३२ च्या सुमारास मार्तीं आफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराने ब्राझीलच्या किनाऱ्यावर साव व्हिसेंत ही वसाहत स्थापन करून तेथे ऊस रुजविला. पुढे १५४२ ते १५४५ या काळात हाच गृहस्थ गोव्यात पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. आपली 'शर्करा' अरबांच्या तोंडून पोर्तुगीज भाषेत आणि तेथून ब्राझीलमध्ये पोहोचली. मात्र तेथील साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामातून निघत होती, आणि ती गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८८८ साल उजाडावे लागले. साखरेच्या व्यापाराने देश जोडले जातात आणि माणसे भरडली जातात, हा या संबंधांचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा धरणांचा आहे. उजनीचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या यशवंतसागराने सोलापूरच्या दुष्काळी मुलखाला आधार दिला, हे कोणी नाकारीत नाही. त्यासाठी भीमाकाठची काळी जमीन आणि नांदती गावे पाण्याखाली गेली. याच सुमारास, १९७० च्या दशकात, ब्राझीलच्या बाइया प्रांतात साव फ्रान्सिस्को नदीवर सोब्रादिन्यो धरण उभे राहिले आणि सुमारे ७० हजार माणसे उठविली गेली. पाणी फार खाली गेले की इकडे पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, तिकडे बुडालेल्या जुन्या रेमान्सो गावाच्या भिंती वर येतात. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती, आणि उजनीचे काम चालू असताना भारतातही एकवीस महिने आणीबाणी नांदली. विस्थापिताला बोलण्याची मुभा नसते तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते, हे दोन्ही देशांच्या अनुभवाला आले आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत पूर्वी वाट दाखविली होती. सेनापती बापटांचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह याच भीमेच्या खोऱ्यातला. पुढे डॉ. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी प्रभृतींनी धरणग्रस्तांना संघटित केले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा घुमली आणि १९७६ साली राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला. उजनीच्या पायाभरणीनंतर तो दहा वर्षांनी आला, हे विसरता येत नाही. ब्राझीलमध्ये धरणग्रस्तांची राष्ट्रीय चळवळ १९९१ साली उभी राहिली. मार्च १९९७ मध्ये कुरितिबा येथे वीस देशांतील धरणग्रस्त एकत्र जमले, त्यांत नर्मदेच्या खोऱ्यातील माणसे होती. १४ मार्च हा धरणविरोधी कृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस तेथेच ठरला. मारियाना येथील २०१५ ची आणि ब्रुमाजिन्यो येथील २०१९ ची खाणधरणे फुटून शेकडो माणसे प्राणास मुकल्यावर, अखेर डिसेंबर २०२३ मध्ये धरणग्रस्तांच्या हक्कांचा राष्ट्रीय कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांनी त्यातील काही कलमे नाकारली असली, तरी ज्याच्या नावे सातबारा नाही अशा कसणाऱ्याला, मासेमाराला, उपजीविका गमावलेल्या मजुराला धरणग्रस्त मानण्याचे तत्त्व त्याने मान्य केले. उजनीच्या जलाशयावर जाळे टाकणाऱ्या कुटुंबांना या तत्त्वाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. आणि पुनर्वसन म्हणजे केवळ जमिनीचा मोबदला नव्हे, हे कुगावच्या दुर्घटनेने दाखविले. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. धरणाने तोडलेला रस्ता त्या दिवसापर्यंत जोडला गेलेला नव्हता.

उभय सरकारांच्या चर्चेत मात्र या अनुभवांची देवाणघेवाण दिसत नाही. तेथे बोलबाला इथेनॉलचा आहे. ब्राझीलने १९७५ पासून उसापासून इंधन काढण्याचा कार्यक्रम राबविला. भारतात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठल्याचे सरकारने जाहीर केले. परंतु साव पावलोचा ऊस मुख्यतः पावसावर वाढतो आणि तेथे सोलापूरच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. आमचा ऊस कालव्यावर आणि जलाशयात सोडलेल्या मोटारींवर उभा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. मित्राचे यश डोळे झाकून उचलले, तर त्याची किंमत ज्वारीच्या रानाला आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला मोजावी लागेल.

ऊसतोड मजुरांची गोष्ट याहून गंभीर आहे. ब्राझीलमध्ये त्यांना 'बोइया-फ्रिया' म्हणत, म्हणजे पहाटे बांधून घेतलेले जेवण दुपारी गार खाणारे. साव पावलो राज्याने २००२ साली ऊस जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारा कायदा केला, यंत्रे आली, धूर कमी झाला आणि हजारो हातांचे काम गेले. महाराष्ट्रातही तोडणीयंत्रांना अनुदान मिळू लागले आहे. मुकादमाच्या उचलीत अडकलेला कोयता सुटला पाहिजे, यात शंका नाही. पण तो सुटावा तो दुसऱ्या रोजगाराकडे. यंत्राचे तंत्र आयात करणाऱ्यांनी यंत्राने बेकार झालेल्यांचा अनुभवही आयात केला पाहिजे.

मैत्रीच्या या वातावरणातच २०१९ साली ब्राझीलने ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमालासह भारताच्या ऊसदर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला आणि त्यावर भारताने अपील केले. रास्त व किफायतशीर दर हा माढ्या-करमाळ्याच्या ऊसउत्पादकाचा शेवटचा आधार आहे. तो बाजाराच्या तत्त्वात बसत नाही असे सांगणाऱ्या व्यवस्थेत दोन गरीब देशांच्या शेतकऱ्यांना एकमेकांसमोर उभे केले जाते, आणि ज्यांच्या हाती साखरेचा जागतिक व्यापार आहे ते नामानिराळे राहतात. दोन्ही सरकारांनी हा तंटा उत्पादकांच्या प्रतिनिधींना समोरासमोर बसवून मिटविला, तरच सहकार्य या शब्दाला अर्थ येईल.

सोलापूरला परदेशाशी मैत्री कशी करावी हे शिकविण्याची आवश्यकता नाही. १९३८ साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते जखमींवर उपचार करण्यासाठी, आणि १९४२ साली तेथेच देह ठेवला. त्या मैत्रीत सौदा नव्हता. आज तोच धागा धरणग्रस्तांनी आणि मजुरांनी हाती घेतला पाहिजे. करमाळा, माढा, इंदापूर आणि दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या १४ मार्चला उजनीच्या काठी सभा घ्याव्यात, पर्यायी जमीन, रस्ता, पूल, नळपाणी यांबाबतच्या प्रलंबित मागण्यांची गावनिहाय यादी करावी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांना सादर करावी. तिची एक प्रत ब्राझीलच्या धरणग्रस्त संघटनेकडेही जावी, आणि त्यांच्या कायद्याचा मराठी अनुवाद या गावांत वाचला जावा. दोन्ही देशांच्या पुढच्या करारात पुनर्वसन आणि शेतमजुरांचे हक्क हे विषय घालावेत, अशी मागणी खासदारांकडे याच सभांतून गेली पाहिजे.