गोधडी : ऊब पुरे, आता टाका पाहू

मराठी समीक्षेत आणि मराठीच्या वर्गांत 'गोधडी' हा शब्द प्रामुख्याने दोन प्रकारे वापरला जातो. एखादी कादंबरी विस्कळीत वाटली, तिच्या प्रकरणांचा सांधा जुळला नाही, की परीक्षणकार तिला 'ठिगळांची गोधडी' म्हणून मोकळा होतो. आणि एखाद्या कवितेत आई, गाव आणि थंडी एकत्र आली की मागोमाग गोधडी येते, आणि तिच्याबरोबर 'मायेची ऊब' येते. पहिल्या वापरात गोधडी म्हणजे घाटाचा अभाव. दुसऱ्या वापरात ती अशी एक भावना होते, की तिच्यापुढे घाटाचा प्रश्न काढणेच असभ्य ठरावे. दोन्ही वापरांविरुद्ध आमची तक्रार एकच आहे. गोधडी कोणीतरी शिवलेली असते, ती शिवताना पदोपदी निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांतील कित्येक निर्णय निखळ रचनेचे असतात, ही साधी वस्तुस्थिती दोन्हीकडे नाहीशी होते. निंदा करणाऱ्याला शिवणारी बाई अडाणी वाटते, गौरव करणाऱ्याला ती देवता वाटते. ती विचार करणारी कारागीर आहे, हे मात्र दोघांनाही सुचत नाही.

म्हणून आधी ही वस्तू कशी तयार होते ते पाहू. वापरून मऊ पडलेली सुती लुगडी, धोतरे, परकर, सदऱ्यांच्या पाठी असे कापड साठवलेले असते. त्याची प्रतवारी होते. सगळ्यांत मऊ तुकडा तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी आणि कुंचीसाठी बाजूला निघतो. जाडाभरडा पायपुसण्याकडे जातो. धडसा पण लहान तुकडा बटव्याला किंवा उशीच्या अभ्र्याला उपयोगी पडतो. उरलेल्यातून गोधडी उभी राहते. एक लुगडे जमिनीवर ताणून अंथरायचे, त्यावर जुन्या कपड्यांचे थर द्यायचे, जेथे कापड विरले असेल तेथे आणखी एक घडी घालायची, आणि वर दुसरे लुगडे किंवा तुकडे जोडून केलेला पृष्ठभाग पसरायचा. कडा आत मुडपायच्या, थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि मग धावदोरा सुरू करायचा. पुष्कळ ठिकाणी हा दोरा कडेने सुरू होऊन एकात एक चौकोन करत मध्याकडे जातो. दोन ओळींतले अंतर बोटांनी मोजले जाते. एका बाजूला दोरा ओढला गेला तर दुसऱ्या बाजूला झोळ येतो, आणि तो झोळ हाताने सारत सारत पुढच्या ओळीत जिरवावा लागतो.

या सगळ्या कामात आधी काढलेले रेखाटन नसते. उपलब्ध तुकडा हीच मर्यादा आणि तोच आरंभ. हिरवे कापड अर्ध्यात संपले तर काय करायचे? जवळचा रंग लावून तुटलेपण झाकता येते. भडक लाल लावून ते ठळक करता येते. किंवा हिरव्याचाच एक लहानसा तुकडा दूरच्या कोपऱ्यात बसवून पहिली तूट मुद्दाम केली होती असा भास निर्माण करता येतो. हा तिसरा उपाय ज्या बाईला सुचतो, तिला पुनरावृत्तीचे काव्यशास्त्र कळते असे आम्ही म्हणतो. तिच्याकडे त्यासाठी आपली परिभाषा नाही, पण परिभाषा नसणे म्हणजे विचार नसणे नव्हे.

आणि ज्यांना परिभाषाच हवी आहे, त्यांच्यासाठी ती आपल्या घरात तयार आहे. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ पासून आपल्या अभ्यासाचा विषय आहे. संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही तीन तत्त्वे आपले विद्यार्थी उत्तरपत्रिकेत निष्ठेने लिहितात. मर्ढेकरांचे म्हणणे असे, की सौंदर्य हे संवेदनांच्या परस्परसंबंधांत, त्यांच्या लयबद्ध संघटनेत असते. मग शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन निळ्यांतला संवाद, निळ्याशेजारच्या केशरीचा विरोध, आणि चार कोपऱ्यांत वाटलेल्या गडद तुकड्यांनी साधलेला तोल, हे सारे तपासण्यासाठी गोधडीइतके हाताशी असलेले उदाहरण दुसरे कोणते? ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी निदान एके काळी होती. तरीही वर्गात लयतत्त्व समजावताना तिची आठवण होत नाही. तसेच लेव्ही-स्ट्रॉसच्या १९६२ मधील ग्रंथामुळे गाजलेल्या 'ब्रिकोलाज' या संकल्पनेचे. हाताशी असलेल्या जुन्यापुराण्या साधनांतून नवी रचना करणाऱ्याची ती संकल्पना चर्चासत्रांत फ्रेंच उच्चारासह सांगितली जाते, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच वक्त्याच्या तोंडी एखादी कादंबरी 'नुसती गोधडी' ठरते.

शेजारी काय घडले ते पाहावे. बंगालमध्ये जसीमउद्दीन यांचे 'नक्शी काँथार माठ' हे कथाकाव्य १९२९ मध्ये आले. त्यातील नायिका आपली कहाणी काँथ्यावर टाक्यांनी भरते. पुढे १९३९ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी काँथ्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. गुरुसदय दत्त यांनी जमवलेले काँथे संग्रहालयात गेले. आपल्याकडे तसे घडले नाही, याचे एक कारण आम्हाला असे दिसते, की काँथ्यावर हत्ती, रथ, कमळ, माणसे असतात, म्हणजे 'वाचण्याजोगे' काहीतरी असते. गोधडीवर चित्र नसते. तिथे फक्त रंग, आकार आणि टाक्यांच्या ओळी असतात. प्रतीके शोधायला निघालेल्या समीक्षेला तिच्यात प्रतीक सापडले नाही, म्हणून तिने अख्ख्या गोधडीचेच प्रतीक करून टाकले. जनाबाईच्या आख्यायिकेत विठ्ठल आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात जातो. त्या वाकळीतला भक्तिभाव आपण पुष्कळ उलगडला. ती वाकळ जनीने कशी जुळवली असेल, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला.

बिनचित्राच्या गोधडीचे गंभीर वाचन होऊ शकते, याचा पुरावा अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीने दिला. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या या वस्तीतील बायका कामाच्या जुन्या विजारी, सदरे, पोती यांतून गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, आणि समीक्षक त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी करू लागले. या इतिहासातील एक तपशील आम्हाला विशेष बोलका वाटतो. १९६६ मध्ये त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था निघाली. मोठ्या दुकानांच्या मागणीसाठी तेथे ठरावीक नमुन्यांच्या एकसारख्या गोधड्या शिवाव्या लागत. पुढे १९७२ मध्ये उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. त्यातून उरलेले कॉर्डरॉय बायकांनी घरी नेले आणि त्यातून आपापल्या मनाच्या, एकीसारखी दुसरी नाही अशा गोधड्या केल्या. हात तेच, कापडही तेच. तेव्हा अनियमितपणा हा कौशल्याच्या अभावातून येतो, हे गृहीतक येथे कोसळते. नियमित शिवता येणाऱ्या बायकांनी घरी अनियमितपणा निवडला होता.

याहून जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे निसटून घाटावरच्या रानात गेले, त्यांचे वंशज या समाजात आहेत. त्यांची बोली कोकणीला जवळची. त्यांच्या 'कवंदी'त तुकडे आधी जोडून मग शिवत नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकड्याची कड मुडपत, धावदोऱ्यानेच तो खालच्या कापडावर बसवत, कडेकडेने मध्याकडे जातात. म्हणजे रचना आणि शिलाई एकाच क्षणी घडते, आणि मधला भाग कसा दिसेल हे तेथे पोहोचल्यावरच कळते. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. ऊब त्या फुलांनी तसूभरही वाढत नाही. ती लागतात, कारण त्यांच्यावाचून कवंदी पूर्ण होत नाही. उपयुक्ततेच्या पलीकडची ही पूर्णतेची जाणीव, यालाच आपण एरवी कलादृष्टी म्हणतो.

यावर गंभीर आक्षेप येईल आणि तो यावाच. गोधडी ही दारिद्र्याची निर्मिती आहे, चिंध्या पांघरणे हा अपमान होता, दलित आत्मकथनांनी तो आपल्याला डोळ्यांत बोट घालून दाखवला, आणि तुम्ही मात्र त्या चिंध्यांत लय शोधता! आम्ही या आक्षेपातील अर्धा भाग संपूर्ण मान्य करतो. कापड कोणते मिळावे हे दारिद्र्याने आणि जातीने ठरवले. ज्याला नवे पांघरूण परवडत नव्हते त्याला वाकळीचे कौतुक ऐकवणे ही क्रूरता आहे. पण मिळालेल्या कापडाची मांडणी दारिद्र्याने ठरवली नाही. ती एका माणसाने ठरवली. वंचिताकडून वस्तू हिरावल्या गेल्या हे सांगताना त्याची निवडण्याची शक्तीही हिरावली गेली होती असे लिहिणे, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा वंचित करणे होय. 'मायेची ऊब' नेमके हेच करते. ती दारिद्र्यही झाकते आणि बुद्धीही.

दुसरा आक्षेप असा, की कला म्हटले की संग्रहालय आले, किंमत आली, आणि शिवणारीच्या हाती काहीच उरले नाही. हीही भीती खरी आहे. जीज बेंडच्या काही जणींना २००७ मध्ये आपल्या मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. पुढल्या वर्षी ते दावे मिटले. पण यावरचा उपाय तिला अनाम ठेवणे हा नाही. नाव असेल तरच हक्क सांगता येतो. अॅलिस वॉकर यांची १९७३ मधील 'एव्हरीडे यूज' ही कथा पुष्कळांनी शिकवली असेल. शिकून शहरी झालेल्या डीला आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या आहेत. घरीच राहिलेली मॅगी त्या वापरेल. आई त्या मॅगीला देते. या कथेवर 'वापर विरुद्ध प्रदर्शन' असे उत्तर लिहिण्याची प्रथा आहे. आमच्या मते तिचा कणा दुसऱ्याच वाक्याशी आहे : मॅगीला गोधडी शिवता येते. जिला वस्तू करता येते, तिच्याकडेच परंपरा राहते.

आणि इथेच आपल्याकडे काळ उलटत चालला आहे. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या सुताप्रमाणे वापराने मऊ होत नाहीत, अंगाखाली सरकतात. दुकानात आता अशा रजया मिळतात, ज्यांवर ठिगळांचे चित्र छापलेले असते. ठिगळ आहे आणि ते कोठे लावावे याचा निर्णय मात्र कोणीच घेतलेला नाही! आपल्या समीक्षेतील गोधडी अशीच छापील आहे.

म्हणून आमची मागणी फार साधी आहे. मराठीच्या प्रत्येक विभागाने एका वर्षी 'ग्रामीण कवितेतील आईची प्रतिमा' हा प्रकल्प बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना एका गोधडीचे वर्णन लिहायला सांगावे. कोणाचे कपडे आहेत, कोणता तुकडा आधी ठेवला, दोरा कोठून सुरू झाला, रंग कोठे संपला आणि तेव्हा काय केले, कोणता तुकडा नाकारला आणि का, आणि शिवणारीचे पूर्ण नाव काय. हे प्रश्न जिला विचारायचे ती आई, आजी, मावशी आज हयात असेल. दहा वर्षांनी असेलच असे नाही. आणि तोवर, परीक्षणकारांनो, एखाद्या कादंबरीला गोधडी म्हणण्याआधी एवढे पाहावे, की तिच्या लेखकाला आपला झोळ पुढच्या ओळीत जिरवता आला आहे काय. आला नसेल, तर त्या कादंबरीला गोधडी म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही.