गाठ आहे, पण घाबरून घाई नको

‘डोक्यात गाठ’ म्हटलं की घरात रडारड, मग सावकार. नर्स म्हणून हे मी वॉर्डात पाहिलंय. अकॉस्टिक न्यूरोमा ही कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची गाठ. ती कॅन्सर नाही; बहुधा सावकाश वाढते. म्हणून दागिने मोडण्याआधी डॉक्टरांना विचारा: एमआरआयमध्ये गाठ किती मिलिमीटर? नुसती लक्ष ठेवून चालेल, की किरणोपचार, की ऑपरेशन? ऐकणं, तोल, चेहऱ्याची नस यांचं काय होईल? प्रश्न लिहून न्या, सोबत माणूस न्या. फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा. गाठ मेंदूवर दाबत असेल, तर मात्र दिरंगाई नको. विचारणं हा उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे.