कुरतडलेल्या पानांची बाग

शिक्षक मित्रांनो, लोणावळ्यात, तळेगावात नवी सोसायटी झाली की बाग होतेच. लॉन, शोभेची चार झाडं आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी. फुलपाखरं मात्र क्वचितच. मध फुलात मिळतो हो, पण अंडी घालायला फुलपाखराला ठरावीक झाडच लागतं. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत लिंबाच्या कुळातली झाडं शोधतं. मग अळ्या पानं खाणारच! आपण वर्गात अंडी-अळी-कोष-फुलपाखरू असं चित्र काढून घेतो आणि बागेत अळी दिसली की फवारणी करतो.

जागा नाही ही सबब मला पटत नाही. मुंबईत धारावीजवळ जुन्या कचराडेपोवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं, १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे. आपल्याला तर शाळेच्या कुंपणालगतची पट्टी पुरे. लिंबू, कढीपत्ता लावा. तळेगाव-वडगावकडे रुईही चालेल, फक्त तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून लहान मुलांपासून लांब, कोपऱ्यात. मावळातल्या पावसात पहिले चार महिने पाणी घालायचीही कटकट नाही. आणि माळीकाकांना आधीच सांगून ठेवा, या पट्टीत औषध मारायचं नाही.